मिसळणाचा डबा आणि सरासरीचं पार्किंग

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण शाळेत हौदाची गणितं सोडवलेल्या कुणालाही तो जड जाऊ नये. एक नळ हौद सहा तासांत भरतो, दुसरा आठ तासांत रिकामा करतो, दोन्ही सोडले तर हौद कधी भरेल? या गणिताला एकच गोष्ट जोडा: हौद भरत आला की कुणीतरी वरचा नळ थोडा बंद करतं. म्हणजे पाण्याची पातळी नळाला हुकूम देते, आणि नळ पातळीला. झालं, तुम्ही सिस्टीम डायनॅमिक्सच्या दारात उभे आहात.

हे शास्त्र एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी उभं केलं. माणूस मूळचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, जुन्या संगणकांतली चुंबकीय कड्यांची मेमरी ही त्यांचीच करामत. १९५६ साली ते तिथल्याच व्यवस्थापन शाखेत गेले आणि १९६१ मध्ये त्यांचं 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' आलं. कारखान्यातला माल, शहरातली घरं, देशाची लोकसंख्या, सगळं हौद आणि नळ या दोन चिन्हांत मांडायचं, आणि संगणकाला सांगायचं, चल, आता पन्नास वर्षं पुढे पळ. त्यासाठी आधी डायनॅमो नावाची भाषा होती, १९८५ च्या सुमारास मॅकिंटॉशवर स्टेला आलं, नंतर व्हेन्सिम आलं. आज हीच दोन नावं जास्त कानावर पडतात.

या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे, तिला स्टेलावाले 'अ‍ॅरे' म्हणतात आणि व्हेन्सिमवाले 'सबस्क्रिप्ट'. त्या सोयीबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि ते सांगण्यासाठीच हा प्रपंच.

अ‍ॅरे म्हणजे काय? तुमच्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवा. झाकण एक, डबा एक, पण आत सात वाट्या. हळद वेगळी, तिखट वेगळं, मोहरी वेगळी. अ‍ॅरे नसलेलं मॉडेल म्हणजे या सातही वाट्या एका बरणीत ओतून 'सरासरी मसाला' तयार करणं. वजनाचा हिशोब तंतोतंत जमेल, पण फोडणी काही बसायची नाही. अ‍ॅरेमध्ये तुम्ही हौद एकदाच काढता, त्याचं समीकरण एकदाच लिहिता आणि चौकटी कंसात वाटीचं नाव घालता. संगणक तेच समीकरण प्रत्येक वाटीसाठी वेगवेगळं चालवतो. सगळ्यांची बेरीज हवी असेल तर व्हेन्सिममध्ये त्या नावापुढे उद्गारचिन्ह टाकायचं, स्टेलामध्ये नावाच्या जागी तारा टाकायचा. इतकं सोपं.

आणि सगळा घोटाळा या सोपेपणातच आहे. वाट्या पाडणं सोपं झालं की माणूस हाताशी जी यादी असेल तिच्या वाट्या पाडतो. यादी कुठून आली, ती आपल्या प्रश्नाच्या उपयोगाची आहे का, हे विचारायचं राहूनच जातं.

मी राहतो त्या वस्तीचंच उदाहरण घेतो. डिस्कव्हरी गार्डन्स ही दुबईची जबल अलीकडच्या टोकाची वस्ती, शेजारी इब्न बतूता मॉल. तिचे सहा भाग आहेत: मेडिटेरेनियन, झेन, कंटेम्पररी, मेसोअमेरिकन, कॅक्टस आणि मोगल. नावाप्रमाणे इमारतींचा तोंडवळा बदलतो, भोवतालची झाडं बदलतात. दार उघडून आत गेलात की मात्र बहुतेक ठिकाणी तेच, स्टुडिओ नाहीतर वन बेडरूम. मोगलमधला भाडेकरू काही हत्तीवरून ऑफिसला जात नाही आणि झेनमधला रात्री अकराला पार्किंग शोधताना ध्यानस्थ राहत नाही. :-)

आता समजा कुणी विचारलं, की तीन वर्षांनी या वस्तीत एकूण किती गाड्या असतील? मॉडेल करायला बसलेला इंजिनिअर पहिली वाट्यांची यादी कुठली घेईल? हीच सहा नावं. नकाशावर आहेत, पाट्यांवर आहेत, तयार आहेत. मग तो घराचे दोन आकार घेईल, राहणाऱ्यांचे तीन प्रकार घेईल, दिवसाचे चोवीस तास घेईल. सहा गुणिले दोन गुणिले तीन गुणिले चोवीस, झाल्या ८६४ वाट्या. पडद्यावर रंगीत आलेखांची रांगोळी. साहेब खूश. पण या ८६४ वाट्यांत घालायला खरे, मोजलेले आकडे किती आहेत? फार तर दहा-पंधरा. उरलेल्या सगळ्या वाट्यांत तोच एक अंदाज कॉपी करून टाकलेला. एकाच बरणीतला मसाला ८६४ वाट्यांत वाढून ठेवला तर त्याला काही मिसळणाचा डबा म्हणत नाहीत. खोटा बारकावा हा सरळ सरासरीपेक्षा वाईट, कारण सरासरी निदान कबूल तरी करते की मी सरासरी आहे.

मग वाट्या पाडायच्या तरी कशाच्या? वागणं कुठे बदलतं ते बघायचं. इथे एक घर असतं नवरा-बायको-मुलाचं. गाडी एक, फार तर दोन. दुसरं घर असतं तीन-चार नोकरदारांनी मिळून घेतलेलं, ज्याला इथे 'शेअरिंग' म्हणतात. नवा माणूस येतो तेव्हा त्याच्याकडे लायसन्स नसतं, गाडी नसते, तो मेट्रोने जातो (२०२१ पासून वस्तीला स्वतःचं स्टेशन आहे). वर्ष-दोन वर्षांत पगार वाढतो, लायसन्स मिळतं, गाडी येते. म्हणजे या घरातल्या गाड्या आज शून्य असतील आणि दोन वर्षांनी तीन. शिवाय भाडं वाढलं की कुटुंबवाले दुसरीकडे घर बघतात आणि तेच घर शेअरिंगवाले घेतात, कारण भाडं चौघांत वाटलं जातं. पार्किंगचा त्रास वाढला तर लहान मूल आणि किराण्याच्या पिशव्या घेऊन अर्धा किलोमीटर चालणारं कुटुंब आधी कंटाळतं. एकटा पोरगा चालतो निमूट.

बघा, इथे वागण्याचे नियमच वेगळे आहेत. एकाच कारणाने एक वाटी रिकामी होते आणि दुसरी भरते. सरासरी घर घेतलंत तर हा बदल दिसणारच नाही. घरांची संख्या तीच, माणसांची सरासरी किंचित वाढलेली, आणि गाड्या मात्र 'अचानक' वाढल्या म्हणून सगळे आश्चर्य करत बसणार. म्हणजे या प्रश्नासाठी सहा वाट्या फुकट आणि दोन वाट्या अत्यावश्यक. पाटीवर सहाच आहेत आणि कामाच्या दोन पाटीवर कुठेच नाहीत.

प्रश्न बदलला तर वाट्याही बदलतील, हे खरं. रात्री अकराला नेमक्या कुठल्या गल्लीत जागा मिळणार नाही असं विचारलंत तर जागेच्या वाट्या लागतील. पण मग मोगल किंवा कॅक्टस हा अख्खा भाग एक वाटी म्हणून फार मोठा होतो. तिकडच्या टोकाला जागा रिकामी असल्याचा इकडच्या टोकाला काय उपयोग? तिथे गल्लीगणिक वाटी हवी. म्हणजे सहा नावांची यादी एका प्रश्नाला निरुपयोगी आणि दुसऱ्याला अपुरी. तरी बहुतेकजण तीच घेणार, कारण ती तयार आहे.

अजून एक गोष्ट. शेअरिंगवाल्यांचा आकडा सहसा कागदावर नसतो. भाडेकरार एकाच्या नावावर, राहणारे चार. २०२२ मध्ये दुबईच्या जमीन विभागाने घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं नोंदवायला सांगितली, त्याआधी तर करारावरून काहीच कळायचं नाही. पण आकडा नाही म्हणून वाटीच ठेवायची नाही, हा न्याय उलटा आहे. वाटी ठेवली की ती रिकामी दिसते, रिकामी दिसली की कुणीतरी विचारतं, आणि मग मोजणी सुरू होते. वाटीच नसेल तर ती माणसं हिशोबात नव्हतीच असं होतं. माझ्या मते अ‍ॅरेची यादी ही मॉडेलमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, कारण इथे कोण वेगळा मोजला जाईल आणि कोण 'इतर' मध्ये जाईल हे ठरतं. आणि नेमकी हीच ओळ सगळ्यात कमी विचार करून लिहिली जाते.

फॉरेस्टर यांच्याकडे ही शिस्त होती. १९६९ च्या 'अर्बन डायनॅमिक्स' मध्ये त्यांनी शहराचे पेठांप्रमाणे किंवा वॉर्डांप्रमाणे भाग केले नाहीत. घरं तीन प्रकारची, उद्योग तीन वयांचे (नवे, प्रौढ आणि उतरणीला लागलेले) आणि माणसं तीन थरांची. उद्योग जुना होत जातो, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत सरकतो. त्या मॉडेलच्या निष्कर्षांवर तेव्हा भरपूर वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते, पण वाट्या पाडायची पद्धत शिकण्यासारखी आहे. भाग पाडले ते वागण्याप्रमाणे.

आता तुम्ही म्हणाल, दुबईतल्या पार्किंगचं आम्हाला काय? बरोबर आहे. आमची गाडी लागली नाही तर आम्ही एक चक्कर जास्त मारू. पण हाच प्रश्न आपल्याकडे पाण्याच्या रूपात येतो, आणि तिथे चक्कर मारून भागत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे धरणसाठ्याचे आकडे छापून येतात. राज्याचा एकूण साठा इतके टक्के, मग खाली सहा महसुली विभाग: कोकण, नाशिक, पुणे, मराठवाडा, अमरावती, नागपूर. इथेही सहाच, योगायोग बघा! आणि यादी पुन्हा तीच, तयार असलेली, कचेरीतली. पण पाणी काही कलेक्टर कचेरीच्या हद्दीने वाहत नाही. नाशिक विभागात गंगापूर आणि दारणा येतात, त्यांचं पाणी गोदावरीत. त्याच विभागात गिरणा आणि हतनूर येतात, त्यांचं पाणी तापीत, म्हणजे गुजरातमार्गे अरबी समुद्रात. पैठणला बसलेल्या शेतकऱ्याला 'नाशिक विभाग सत्तर टक्के भरला' या वाक्यातून काय कळणार? पुणे विभागातही तसंच. कोयना सह्याद्रीच्या पावसात तुडुंब आणि भीमेवरचं उजनी तळाला, असं होऊ शकतं. दोन्ही एकाच रांगेत बेरजेला.

इथे एक छोटं गणित करू. दोन धरणं, दोन्हींची क्षमता दहा-दहा. एकात आलं सोळा, दुसऱ्यात दोन. एकच मोठा हौद समजून हिशोब केलात तर क्षमता वीस, पाणी अठरा, सगळं मावलं, साठा नव्वद टक्के, आनंदीआनंद. वेगवेगळा हिशोब केलात तर पहिल्यातून सहा वाहून गेलं, दुसऱ्यात दोनच राहिलं, साठा बारा, म्हणजे साठ टक्के. आकडे तेच, पाऊस तोच. फरक एवढाच की भरलेल्या हौदाला काठ असतो आणि सरासरीला काठ नसतो. जिथे जिथे काठ आहे, मर्यादा आहे, 'इतकं झालं की पुढे जात नाही' असा नियम आहे, तिथे सरासरी खोटं बोलते. मॉडेल करणाऱ्याने ही खूणगाठ बांधून ठेवावी.

आणि वाहून गेलेलं ते सहा कुठे गेलं? खालचं धरण त्याच नदीवर असेल तर त्यात जाईल, नसेल तर समुद्राला. म्हणून धरणांची यादी नुसती लिहून भागत नाही, कोणाच्या खाली कोण हेही सांगावं लागतं. अ‍ॅरेमध्ये हे करता येतं. या वाटीत येणारं म्हणजे वरच्या वाटीतून सुटलेलं, वजा वाटेत मुरलेलं आणि उडालेलं.

गोदावरीच्या बाबतीत हे काम झालेलं आहे, आणि ते कुठल्या सॉफ्टवेअरवाल्याने नव्हे, तर भांडणातून झालं. जायकवाडीची एकूण साठवण सुमारे १०२ टीएमसी. पण वर नाशिक आणि नगर जिल्ह्यांत (नगरचं आता अहिल्यानगर झालं) धरणं भरल्याशिवाय खाली फारसं काही येत नाही. २००५ साली राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि त्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. पुढे २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीचा अहवाल आला आणि २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरून सोडायचं. किती आणि कुठून, यासाठी वरच्या धरणांचे समूह केले: मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा आणि पालखेड. पाच वाट्या. जिल्ह्याच्या नाहीत, तालुक्याच्या नाहीत, आमदाराच्या मतदारसंघाच्या नाहीत. पाणी जसं अडतं आणि सुटतं तशा.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर याच पद्धतीने ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला. मुळा २.१०, प्रवरा ३.३६, गंगापूर ०.५ आणि गोदावरी-दारणा २.६४३. पालखेडला काही नाही. 'नाशिक-नगरने ८.६ टीएमसी सोडावं' असा एकच आकडा असता तर पहिला प्रश्न निघाला असता, कुणी? आणि त्या प्रश्नावरच तो हंगाम संपला असता. भांडण २०२३ मध्येही झालंच, आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. कोरड्या पात्रातून सोडलेलं पाणी जितकं सुटतं तितकं पोहोचत नाही, ही वरच्यांची तक्रारही रास्तच आहे. पण निदान भांडायला ठरावीक आकडे होते. मुळेवाल्याला माहीत होतं की आपल्या वाटीतून किती जातंय, आणि पैठणवाल्यालाही. आकड्यावर भांडता येणं ही लहान गोष्ट नव्हे.

याची दुसरी बाजू लातूर. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. लातूर शहराची भिस्त मांजरा धरणावर, ते धरण बीड जिल्ह्यात, आणि ते कोरडं. राज्याच्या आकड्यात हे दिसत नाही, विभागाच्या आकड्यात अंधुक दिसतं, आणि लातूरच्या जिल्ह्याच्या आकड्यात शोधलंत तर धरण तिथे नाहीच. 'कुठलं शहर कुठल्या धरणावर' अशी यादी केली तरच ते महिनोन्‌महिने आधी दिसतं. वाट्या चुकल्या की मग एका नदीखोऱ्यातून दुसऱ्यात रेल्वेने पाणी नेणारा नळ ऐनवेळी काढावा लागतो. तो कुठल्याही मॉडेलच्या चित्रात आधी नसतो.

जगाच्या पातळीवरही हीच गोष्ट घडून गेली आहे. १९७२ च्या 'लिमिट्स टू ग्रोथ' मागचं मॉडेल अख्ख्या जगाला एकच हौद धरत होतं. लोकसंख्येचे वयाप्रमाणे चार गट केले होते, पण अमेरिका आणि बिहार एकाच आकड्यात. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, मेसारोविच आणि पेस्टेल यांनी क्लब ऑफ रोमलाच दुसरा अहवाल दिला आणि त्यात जगाचे दहा विभाग केले. त्यांचं म्हणणं असं की जग एकदम कोसळणार नाही, वेगवेगळे प्रदेश वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कारणांनी संकटात येतील. दक्षिण आशियात राहणाऱ्याला यातला फरक समजावून सांगायची गरज नाही. पण पहिल्या मॉडेलचंही एक श्रेय आहे. ते लहान असल्यामुळे माणसाच्या डोक्यात मावतं. ते कशामुळे तसं वागतं हे विद्यार्थीसुद्धा शोधून काढू शकतो. वाट्या वाढल्या की हे कठीण होत जातं. म्हणून माझा आग्रह 'जास्त वाट्या' असा नाही, 'कारण असेल तेवढ्याच वाट्या' असा आहे.

आपल्याकडे इंजिनिअरिंगला किंवा एम.टेक.ला असणारी पोरं व्हेन्सिमची फुकटची आवृत्ती वापरतात, आणि तिच्यात ही सबस्क्रिप्टची सोय मिळत नाही, त्यासाठी महागडी आवृत्ती लागते. त्यांना मी एक सांगेन: अडून बसू नका. एकाच्या जागी तीन हौद हाताने काढा. तीनदा समीकरण लिहा. कंटाळा येईल, आणि तो कंटाळा फार उपयोगी आहे. चौथा हौद काढायच्या आधी तुम्ही आपोआप विचाराल, याची खरंच गरज आहे का? ज्यांच्याकडे महागडं सॉफ्टवेअर आहे त्यांना हा प्रश्न पडत नाही, एक टिचकी मारली की चाळीस हौद तयार. धरणांच्या वर्गीकरणासाठी मेंढेगिरी समितीलाही पाचच समूह पुरले.

थोडक्यात, वाटी पाडायच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. या दोघांचं वागणं खरंच वेगळं आहे का? यांच्यामध्ये काठ आहे का, म्हणजे एकाचं जास्तीचं दुसऱ्याला आपोआप मिळतं की नाही? आणि या वाटीत घालायला माझ्याकडे वेगळा आकडा आहे का, नसेल तर तो मिळवायची माझी तयारी आहे का? पहिल्या दोहोंपैकी एकालाही 'हो' असेल आणि तिसऱ्याला 'नाही', तरी वाटी ठेवा, पण रिकामी ठेवा आणि रिकामी आहे असं मोठ्या अक्षरात लिहा. तिन्हींना 'नाही' असेल तर ती वाटी फक्त शोभेची.

पुढच्या वेळी पेपरात 'राज्यात समाधानकारक साठा' असा मथळा वाचलात, की एवढंच विचारा: समाधान कुणाच्या वाटीतलं?